ती काय म्हणाली

पद्मजानं डबा उघडला, आत बघितलं आणि झाकण परत लावून तो ओट्याच्या कडेला सरकवला. दुसरा उघडला. तोही सरकवला. तिसऱ्यातलं एक चॉकलेट तिनं उचललं, खिडकीपाशी नेलं, उजेडात फिरवून पाहिलं आणि माझ्याकडे वळून भुवया उंचावल्या.

"काल दुपारी लाइट गेली होती," मी म्हणाले. तिला ओठ वाचता यावेत म्हणून मी नेहमी तिच्या समोर उभी राहून सावकाश बोलायचे. "दोन तास एसी बंद. मी काय करणार?"

चॉकलेटवर राखेसारखे पांढरट पट्टे उमटले होते. तिनं ते दोन्ही हातांच्या बोटांत धरून मोडलं. नीट जमलेलं चॉकलेट मोडताना खट् असा आवाज येतो, वाळकी काडी मोडल्यासारखा. हे नुसतं वाकलं आणि मग तुटलं. पद्मजानं तो खट् आवाज आयुष्यात कधी ऐकला नव्हता. तिला तो बोटांत कळायचा. तिनं दोन्ही तुकडे माझ्या तळहातावर ठेवले, खिशातली छोटी वही काढली आणि लिहिलं, 'हे नाही.'

"बरं बाई, नाही तर नाही. प्रदर्शन झालं की वितळवू परत."

त्यावर ती हसली. पांढरं आलं म्हणून चॉकलेट वाया जात नाही. पुन्हा वितळवायचं, पुन्हा नीट थंड करायचं, की नव्यासारखं होतं. हे पहिल्या दिवशी मीच तिला शिकवलं होतं.

असे साठ डबे होते. तिनं ते सगळे एका खोक्यात भरले आणि खोक्यावर जाड पेनानं फुली मारली. ती आतल्या खोलीत चांगले डबे बांधायला गेली, तेवढ्यात मी ते फुलीचं खोकं उचललं आणि गाडीच्या डिकीत नेऊन ठेवलं. का, असं कुणी विचारलं असतं तर मी म्हणाले असते, असू द्यावं जवळ.

ही अकरा वर्षांपूर्वीची गोष्ट. मी तेव्हा सोलापुरात घरीच चॉकलेटचे क्लास घ्यायचे. माझ्या नवऱ्यानं, हेमंतनं, मागच्या खोलीला एसी बसवून दिला होता. क्लासला येणाऱ्या बहुतेक बायकांना वितळवलं, साच्यात ओतलं, झालं, असं चॉकलेट हवं असायचं. तसं मिळतं बाजारात. त्याला कंपाउंड म्हणतात. त्यात कोको बटरच्या जागी दुसरंच कसलं तरी तेल असतं आणि त्याचे काही नखरे नसतात. खऱ्या चॉकलेटचं तसं नाही. ते पंचेचाळीस अंशांच्या वर नेऊन पूर्ण वितळवायचं, मग हलवत हलवत सत्तावीस-अठ्ठावीसपर्यंत खाली आणायचं आणि परत एकतीसपर्यंत चढवायचं. याला टेम्परिंग म्हणतात. दोन-तीन अंशांचा फरक पडला तरी चकाकी जाते, वड्या साच्याला धरून बसतात आणि दुसऱ्या दिवशी अंगावर पांढरं फुटतं. जिथे ऑक्टोबरातही माणसं घामानं निथळतात त्या गावात हा उद्योग करायचा म्हणजे हट्टच होता.

पद्मजा येमूल माझ्याकडे शिकायला आली तेव्हा एकोणतीस वर्षांची होती. साखर पेठेत आईबरोबर राहायची. आई विड्या वळायची, ही ब्लाउज शिवायची आणि शिलाईतून साठवलेल्या पैशांतून तिनं माझी फी भरली होती. तिला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. शाळेत तिला आरशासमोर बसवून बोलायला शिकवलं होतं आणि घरी आईशी ती बोलायचीही. बाहेर मात्र तोंड उघडायची नाही. 'लोक दचकतात,' असं तिनं मला एकदा लिहून सांगितलं होतं. माझ्यासमोर तिचा आवाज दोनदाच फुटला होता. एकदा माझी ओढणी गॅसजवळ गेली तेव्हा, आणि एकदा तिच्या पहिल्या जमलेल्या वड्या साचा उपडा केल्याबरोबर आपोआप ओट्यावर पडल्या तेव्हा. "बघ!" म्हणाली होती ती. मला स्पष्ट कळलं होतं.

तीन महिन्यांत ती माझ्या पुढे गेली. मी थर्मामीटर घेऊन बसायचे. ती वितळलेलं चॉकलेट काळ्या ग्रॅनाइटवर ओतायची, रुंद पात्यानं पसरायची, गोळा करायची, पुन्हा पसरायची. पसरताना तिचं लक्ष हाताकडे असायचं. चॉकलेट घट्ट व्हायला लागलं की पात्याखाली त्याचं वजन बदलतं, असं तिचं म्हणणं. मग बोटावर टिपूस घेऊन खालच्या ओठाला लावायची. ओठाला किंचित गार लागलं की झालं. थर्मामीटर लावून बघावं तर एकतीस. मला हे तिच्याइतकं कधीच साधलं नाही. आणि तसं मी कुणापाशी बोललेही नाही, कारण क्लास माझा होता.

वर्षभरानं आम्ही दोघी मिळून डबे विकायला लागलो. डब्यावर नाव घालायची वेळ आली तेव्हा तिनं वहीत लिहिलं, 'माझं पण?' मी म्हटलं, तुझं आधी. डब्याच्या मागं बारीक अक्षरात छापलं, 'बनवणाऱ्या : पद्मजा येमूल, मैथिली कुर्डूकर.' छापून आलेलं पहिलं लेबल तिनं घरी आईला दाखवायला नेलं होतं.

तर त्या दिवशी, दिवाळीच्या आधी, आमच्या महिला मंडळाचं दोन दिवसांचं प्रदर्शन होतं. एका मंगल कार्यालयाचा हॉल घेतला होता. हॉलला एसी होता म्हणूनच आम्ही स्टॉल लावायचं धाडस केलं. टेबलावर पांढरं कापड, मागं आम्ही दोघी, पुढं चवीसाठी तुकड्यांची थाळी. थाळी पद्मजानं मांडली होती. एकेक तुकडा असा चकचकीत, की वरच्या दिव्यांचे ठिपके त्यात दिसत होते.

दुपारी एकपर्यंत नऊ डबे गेले.

मंडळाच्या अध्यक्षा उज्ज्वलाताई निंबर्गी फिरत फिरत आल्या. "काय गं मैथिली, कसं चाललंय?"

"नऊ."

"नऊच? ती शेजारची लोणचीवाली बघ, दुसऱ्यांदा बरण्या मागवतेय." मग त्या जरा जवळ आल्या. पद्मजा रिकामी थाळी धुवायला नळावर निघाली होती, तिच्याकडे त्यांनी डोळ्यांनी खूण केली. "आणि तू एवढी मोठी गोष्ट झाकून ठेवलीयस."

"कुठली गोष्ट?"

"अगं, ती करते हे लोकांना कळू दे की. चांगलं काम करतेयस तू, लपवायचं कशाला? थांब, मी कार्डशीट पाठवते."

कार्डशीट आली. क्लासचे फळे लिहून लिहून माझं अक्षर वळणदार झालं होतं. मी लाल पेनानं लिहिलं, 'मूकबधिर भगिनीच्या हातची चॉकलेट्स. आपली एक खरेदी, तिला एक आधार.' आधी वाटलं, मागच्या भिंतीवर लावावी. मग मी ती टेबलाच्या पुढच्या बाजूला, कापडावर, खाली चिकटवली. येणाऱ्याला दिसेल अशी. टेबलामागं उभं राहणाऱ्याला दिसायचा प्रश्नच नव्हता.

पद्मजा थाळी पुसत मागच्या बाजूनं परत आली आणि माझ्या शेजारी उभी राहिली.

त्यानंतर गर्दी झाली. बायका यायच्या, खाली बघायच्या, मग वर पद्मजाकडे बघायच्या. एकीनं तिचा गाल कुरवाळला. एक म्हातारे गृहस्थ हात जोडून उभे राहिले. "दिसत नाही हो तसं," एक बाई मैत्रिणीला म्हणाली. "किती छान नेसलीय." पद्मजा आधी खुशीत होती. डबे पिशवीत भरून देताना प्रत्येकाला हसून मान लववत होती. तासाभरानं तिनं वही माझ्यापुढं धरली. 'कोणी चव घेत नाही.'

"गर्दी आहे ना," मी म्हणाले.

तिनं थाळी उचलून पुढं केली. समोरच्या बाईंनी घाईघाईनं हात हलवला. "नको नको, तुम्ही द्या दोन डबे." थाळी पद्मजाच्या हातात तशीच राहिली.

तीन वाजेपर्यंत आमचे सगळे डबे संपले आणि टेबलापुढं आणखी आठ-दहा माणसं उभी होती. मी पद्मजाला खुणेनं थांब म्हटलं, खाली गेले आणि डिकीतून ते खोकं काढून आणलं.

तिनं फुली बघितली. माझं मनगट धरलं.

"आजच्यापुरतं," मी म्हणाले. "लोक थांबलेत. इथं कोणी उघडून बघत नाहीये."

तिनं मनगट सोडलं नाही. दुसऱ्या हातानं एक डबा उलटा केला आणि मागच्या बारीक अक्षरांवर बोट ठेवलं.

"माझंही नाव आहे त्यावर," मी म्हणाले आणि हात सोडवून घेतला.

त्या खोक्यातल्या एकाही डब्याला तिनं हात लावला नाही. ती बाजूला उभी राहिली. विकले मी.

साडेपाच-सहाच्या सुमाराला एक गृहस्थ परत आले. सत्तरीचे, पांढरा सदरा, खिशाला पेन. त्यांचं नाव बिराजदार, ते निवृत्त मुख्याध्यापक होते, हे मला नंतर कळलं. दुपारी दोन डबे घेऊन गेले होते. आता त्यातला एक उघडा करून त्यांनी टेबलावर ठेवला.

"अहो बाई, हे काय दिलंय? बुरशी आलीय की यावर. नातीनं तोंडात घातलं असतं म्हणजे?"

आवाज शिक्षकी होता, हॉलभर गेला. चार-पाच माणसं थांबली. लोणचीवाली मान उंच करून बघायला लागली. पलीकडून उज्ज्वलाताईंनीही पाहिलं.

"बुरशी नाहीये ती, सर," मी म्हणाले.

"मग काय आहे?"

याचं उत्तर मी क्लासमध्ये शंभरदा दिलं होतं. चॉकलेट नीट थंड न करता ओतलं की असं होतं, खाल्लं तर काही अपाय नाही, घाई करणाऱ्याची चूक. एवढं बोलायला दहा सेकंदसुद्धा लागले नसते. मी पद्मजाकडे पाठ केली आणि टेबलावरून पुढं वाकले.

"सर, तिनं केलीत ती," मी आवाज खाली आणून म्हणाले. आवाज कुणासाठी खाली आणला, देव जाणे. "ऐकू येत नाही हो तिला. कधी कधी सांगितलेलं नीट पोचत नाही. सांभाळून घ्या."

त्यांचा चेहरा एकदम उतरला. त्यांनी खाली कार्डशीटकडे बघितलं, मग माझ्या खांद्यावरून पद्मजाकडे. "अरेरे. माझ्या ध्यानातच आलं नाही बघा." त्यांनी डब्याचं झाकण लावलं. "राहू दे, राहू दे. ऐकू येत नाही त्याला ती पोर काय करणार? चुकायचंच. खाऊ आम्ही." टेबलाला वळसा घालून ते आत आले आणि त्यांनी पद्मजाच्या डोक्यावर हात ठेवला.

माझे ओठ तिला दिसले नव्हते. त्यांचे दिसले होते.

पद्मजानं त्यांचा हात हळूच बाजूला केला. मग ती टेबलाच्या पुढच्या बाजूला गेली, दिवसभरात पहिल्यांदाच. लोक काय वाचत होते ते तिनं वाचलं. खाली बसून वाचलं. तिचं बोट अक्षरांवरून सरकत पहिल्या शब्दावर परत आलं आणि त्यातल्या 'मूक'वर थांबलं.

उठली तेव्हा ती माझ्याकडे बघत नव्हती. तिनं सरांच्या हातातला डबा घेतला, उघडला, एक पांढरं पडलेलं चॉकलेट वर धरलं आणि त्यांच्याशी बोलली.

"मी नाही केलं."

घशातून आलेला, जाड आवाज. शब्दांच्या कडा झिजलेल्या. मला लख्ख कळलं. बाकीच्यांना नुसता आवाज ऐकू आला असणार. एका लहान मुलीनं आईचा पदर धरला. हॉलमधलं बोलणं थांबलं. पद्मजाला ते थांबलेलं दिसलं असणार, चेहऱ्यांवरून. तरी ती पुन्हा बोलली. एकेक शब्द सुटा करून, छातीवर हात ठेवून.

"मी. नाही. केलं."

बिराजदार सर गोंधळून माझ्याकडे वळले. "काय म्हणतेय ती?"

पद्मजाही माझ्याकडे वळली. तिची ती सवयच होती. बँकेत, दुकानात, कुणाला तिचं कळलं नाही की ती माझ्याकडे बघायची आणि मी सांगायचे. ती थांबली होती, मी सांगण्यासाठी.

"सॉरी म्हणतेय," मी म्हणाले.

सरांचे डोळे भरून आले. "नाही गं बाळा, सॉरी कशाला?" त्यांनी तिच्या हातातला डबा घेतला आणि अगदी जपून पिशवीत ठेवला. गर्दीतली एक बाई म्हणाली, "मला द्या हो दोन." दुसरीनं तीन मागितले.

ओठांवरून वाचायला सॉरी हा फार सोपा शब्द आहे. पद्मजा माझ्या तोंडाकडे बघत राहिली, अजून काही येतंय का म्हणून. मग तिनं एप्रनची गाठ सोडली, एप्रनची घडी घातली, थाळीशेजारी ठेवली आणि पिशवी घेऊन निघून गेली.

मी रात्री आठपर्यंत थांबले. साठच्या साठ डबे गेले. उज्ज्वलाताई जाताना म्हणाल्या, "बघ, सांगितलं होतं ना?"

दुसऱ्या दिवशी मी स्टॉल लावला नाही. विकायला काही नव्हतंच. सोमवारी सकाळी साखर पेठेत गेले. पद्मजाची आई, नरसम्मा, दारात बसली होती. मांडीवर सूप, सुपात पानं आणि तंबाखू. हात चालू ठेवूनच तिनं मला आत यायला सांगितलं.

"बसा की ताई. काय झालंय हो? दोन दिवस झाले, पोरगी नीट जेवलेली नाही. विचारलं तर काही सांगत नाही."

"थोडा गैरसमज झाला," मी म्हणाले.

"तिचा झाला असेल," नरसम्मा म्हणाली. "लगेच रागावती ती. तुम्ही समजून घ्या, ताई. तुमच्यामुळं चार माणसांत जाती."

पद्मजा आतल्या खोलीत शिलाई मशीनवर होती. पाठ माझ्याकडे. मी दारात उभी राहिले, तिला कळलं नाही. माझी सावली कापडावर पडली तेव्हा तिनं मशीन चालवणारे पाय थांबवले आणि ती वळली. मी कान धरले. माफी मागायची ती एकच खूण मला तेव्हा सुचली.

तिनं मान हलवली. नको. मग कापडाखालून वही काढली आणि बराच वेळ पेन हातात धरून बसली. लिहिलं ते एवढंच, 'त्यांना सांगा. मी सॉरी म्हटलं नव्हतं.' आणि खालच्या ओळीत, 'मग बोलू.'

पाटीबद्दल एक अक्षर नव्हतं. डब्यांबद्दलही नव्हतं.

प्रदर्शनात लकी ड्रॉची कूपनं होती. प्रत्येक गिऱ्हाईक नाव आणि फोन नंबर लिहून अर्धा कागद आमच्याकडे द्यायचं. त्या गठ्ठ्यात मला बिराजदार सरांचं कूपन सापडलं. नंबर मी दोन दिवस फ्रिजवर लावून ठेवला. गुरुवारी दुपारी हेमंत ऑफिसात असताना फोन केला.

"हां, बोला की. चॉकलेटवाल्या बाई का? काय म्हणते आमची पोर?"

मी जे बोलायचं होतं ते कागदावर लिहून घेतलं होतं. "सर, ती पांढरी चॉकलेट्स मी केली होती. तिनं नाही. आदल्या दिवशी ती नव्हती, लाइट गेली आणि मी घाई केली. ती तर विकू नका म्हणाली होती. तुमच्यासमोर मी तिच्यावर ढकललं. चूक माझी होती."

मला आतून एकदम मोकळं वाटलं. कागदावरची शेवटची ओळ अजून वाचायची होती.

"अरे वा," सर म्हणाले. त्यांचा आवाज घोगरा झाला होता. "काय माणूस आहे बघा ही मुलगी. चूक तुमची, आणि सगळ्यांसमोर माफी तिनं मागितली. तुम्हाला सांभाळून घेतलं हो तिनं! चाळीस वर्षं शाळेत काढली मी बाई, असं मन बघितलं नाही."

मी त्या शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं.

"हॅलो? आहात ना?"

"हो."

"खरं की नाही, मी म्हणतो ते?"

कागद समोरच होता. 'ती सॉरी म्हणाली नव्हती, ते मी खोटं सांगितलं.' माझ्याच वळणदार अक्षरात.

"हो सर," मी म्हणाले. "मन मोठं आहे तिचं."

"माझा आशीर्वाद सांगा तिला. आणि बाई, तुम्ही फोन केलात हेही थोडं नाही. कोण करतं आजकाल?"

मी फोन ठेवला. परत लावायचा म्हणून दोनदा उचलला.

संध्याकाळी मी साखर पेठेत गेले. पद्मजा दारातच भेटली, पाण्याची घागर घेऊन. मी समोर उभी राहिले आणि नेहमीसारखं सावकाश म्हणाले, "सांगितलं. फोन केला त्यांना."

तिनं घागर खाली ठेवली. माझ्या चेहऱ्यावर नजर रोखली. मग दोन्ही हात पसरून हवेत एक मोठा गोल काढला. सगळं?

मी मान डोलावली.

ती खूप वेळ बघत राहिली. ओठ तिनं नीट वाचले असते, पण मी ओठ हलवलेच नव्हते. मग तिचा चेहरा सैल पडला. तिनं माझ्या दंडावर चापट मारली, जरा जोरात, उरलेल्या रागाची, आणि आत येऊन चहा घ्यायची खूण केली. नरसम्मानं कप पुढं केला. "मिटलं ना?" म्हणाली. "मी म्हणाले नव्हते?"

पुढच्या आठवड्यात पद्मजा कामावर आली. आम्ही आणखी दोन वर्षं एकत्र काम केलं. टेम्परिंगला मी त्यानंतर हात लावला नाही, ते तिच्याकडेच राहिलं. मग तिनं अशोक चौकाजवळ स्वतःचं छोटं दुकान काढलं आणि मी क्लास बंद केले. बिराजदार सर चार वर्षांपूर्वी गेले. वर्तमानपत्रात फोटो आला होता, खिशाला पेन लावलेला.

मागच्या दिवाळीत मी तिच्या दुकानात गेले होते. आता तिच्या हाताखाली सहा मुली आहेत. दोघी ऐकू न येणाऱ्या, चौघी ऐकणाऱ्या. पद्मजा आता गिऱ्हाइकांशी बोलते, मोठ्यानं, तिच्या त्याच आवाजात. ज्याला पहिल्यांदा कळत नाही त्याला दुसऱ्यांदा सांगते. दुसऱ्या कुणाकडे बघत नाही. त्या दिवशी एका मुलीची सगळी खेप पांढरी पडली होती आणि ती पोरगी रडवेली होऊन दुसरीचं नाव सांगत होती. मी आत शिरले तशी पद्मजानं माझा हात धरला आणि मला ओट्यापाशी नेलं.

"या ताई," ती मुलींना म्हणाली. बोलता बोलता हातही चालवत होती, सगळ्यांना कळावं म्हणून. "यांनी मला शिकवलं. एकदा यांची पण चूक झाली. माझ्यावर घातली. पण नंतर त्या माणसाला फोन केला. सगळं सांगितलं. सगळं. कोण करतं असं?"

मुली माझ्याकडे बघायला लागल्या. रडवेली होती तिनं डोळे पुसले आणि ती हळूच म्हणाली, "माझीच खेप होती, दीदी." पद्मजानं हसून तिच्या पाठीवर थाप दिली.

त्यातल्या सर्वांत लहान मुलीनं कोपऱ्यातली खुर्ची ओढत आणली, एप्रननं पुसली आणि माझ्यामागं ठेवली.

मी बसले.